एक प्यादे, एक उंट किंवा घोडा : लिचेसचा टेबलबेस

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात बुद्धिबळाचा प्रशिक्षक नाही, आणि जवळचा वर्ग गाठायचा तर एसटीत दीड-दोन तास जातात. जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने बटुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकला, तेव्हापासून मात्र शाळेच्या व्हरांड्यात रोज चार-पाच पट मांडले जातात. मुलांना डावाच्या सुरुवातीच्या खेळ्या तोंडपाठ आहेत. पटावर दोन राजे, एक प्यादे आणि एखादा उंट किंवा घोडा एवढेच उरले की त्यांचे हात थबकतात. यावर उपाय म्हणून मी लिचेस या मोफत आणि जाहिरातमुक्त संकेतस्थळावरचा टेबलबेस, म्हणजे थोडीच मोहरी उरलेल्या स्थितींच्या आधीच काढून ठेवलेल्या निकालांचा साठा, गेले काही महिने नियमित वापरत आहे.

विश्लेषणाच्या पटावर मोहरी मांडून पुस्तकाचे चिन्ह दाबले की, पटावर सात किंवा त्याहून कमी मोहरी असल्यास, प्रत्येक खेळीपुढे विजय, बरोबरी की पराभव हे दिसते. हा संगणकाचा अंदाज नसून पूर्ण गणिताने काढलेला निकाल असतो. सात मोहऱ्यांचे हे गणित २०१८ मध्ये पूर्ण झाले आणि त्याचा साठा १६ टेराबाइटहून मोठा आहे, हे सांगितल्यावर मुलांनी माझ्या फोनकडे आदराने पाहिले.

पहिल्याच दिवशी मी पांढरा राजा जी६, प्यादे एच६, उंट ई४ आणि काळा राजा जी८ असे मांडले (अक्षर म्हणजे पटाचा उभा स्तंभ, आकडा म्हणजे आडवी ओळ). टेबलबेसने बरोबरी दाखवली. "सर, आपल्याकडं उंट बी हाये अन् प्यादं बी, मंग बरोबरी कशी?" असे सहावीतल्या एका मुलाने विचारले. मी काही न बोलता उंट एकच घर पुढे, ई५ वर ठेवला आणि निकाल विजयाचा झाला. प्यादे वजीर होते ते एच८ हे घर काळे आहे. पांढऱ्या घरांवरचा उंट काळ्या राजाला त्या कोपऱ्यातून कधीच हुसकू शकत नाही. हे त्या मुलाने स्वतः बोटाने घरे मोजून सांगितले, आणि मला या साधनाची खरी किंमत तेव्हा कळली.

घोड्याच्या बाबतीत तर ते अधिकच उपयोगी ठरते. पांढरा राजा बी६, प्यादे ए६, घोडा डी५, काळा राजा ए८ आणि चाल पांढऱ्याची, अशा स्थितीत बहुतेक मुले उत्साहाने प्यादे ए७ वर ढकलतात आणि त्याच क्षणी स्टेलमेट होते, म्हणजे शह नसताना काळ्याला एकही चाल उरत नाही आणि डाव बरोबरीत सुटतो. त्याऐवजी घोड्याने सी७ वरून शह दिला, तर राजाला बी८ वर जावेच लागते आणि मग ए७ चा शह डाव जिंकून देतो. आपलाच राजा ए८ वर आणि प्यादे ए७ वर अडकले असून काळा राजा सी७ आणि सी८ यांवर येरझारा घालत असेल, तर निकाल केवळ घोडा कोणत्या रंगाच्या घरावर आहे यावर ठरतो. चाल आपली असताना तो काळ्या राजाच्याच रंगाच्या घरावर असेल तर बरोबरी होते, कारण घोड्याच्या प्रत्येक उडीत रंग बदलतो आणि त्याला एक चाल फुकट घालवता येत नाही.

उणीव एकच, पण मोठी आहे : टेबलबेस निकाल सांगतो, कारण सांगत नाही. शिवाय तिथला डीटीझेड हा आकडा मात होईपर्यंतच्या चाली मोजत नाही. पन्नास खेळ्यांच्या नियमासाठी (मोहरे न मारता आणि प्यादे न हलवता पन्नास खेळ्या झाल्या की बरोबरी मागता येते), पुढचे मोहरे मारले जाईपर्यंत किंवा प्यादे हलेपर्यंतच्या चाली तो मोजतो, आणि हे कोणीतरी समजावून द्यावेच लागते. म्हणून आम्ही आधी लाकडी पटावर दहा मिनिटे विचार करतो, प्रत्येकाचे उत्तर वहीत लिहून घेतो आणि त्यानंतरच फोन उघडतो.

टेबलबेसला इंटरनेट लागते. आमच्याकडे रेंज पाण्याच्या टाकीजवळच नीट मिळते, त्यामुळे दिवसभराच्या वह्या गोळा करून मी संध्याकाळी तिथे जातो आणि दुसऱ्या दिवशीच्या परिपाठाआधी निकाल फळ्यावर लिहून ठेवतो.