जर्मनीतली फुकटची सरकारी शाळा : आठ महिने वापरून झाल्यावर

परवा त्या इंटरनॅशनल शाळेचा मेल आला, पुढच्या वर्षासाठी जागा शिल्लक आहेत म्हणे. आमचे तीन हजार युरो गिळून बसलेत आणि वर आमंत्रण. डोकं फिरलं म्हणून लिहायला बसले, नाहीतर लिहीन लिहीन म्हणत सहा महिने गेलेच होते.

मी पुण्याची, नवरा जर्मन, मुलगी तिसरीत, मुलगा पहिलीत, मागच्या ऑगस्टमध्ये म्युनिकला आलो. बाबाचं जर्मन दोघांना कळतं, बोलणं मोडकंतोडकं आणि लिहायच्या नावाने शून्य, कारण शाळा कोथरूडची इंग्लिश मीडियम आणि दुपारभर आजी.

निघायच्या आधीच मी ठरवून टाकलेलं की इंटरनॅशनलच. फी एकेकाची वर्षाला वीस हजार युरोच्या वर, म्हणजे दोघांचे चाळीसेक लाख रुपये झाले. नवरा म्हणे मी फुकट शिकलो, माझं काय वाईट झालं (यावर मी काही बोलले नाही). माझे बाबा म्हणे, फी नाही ती शाळा कसली. मी बाबांचं ऐकलं आणि दोघांची प्रवेश फी पुण्याच्या खात्यातून भरून मोकळी झाले, १० लाखांच्या आत म्हणून टीसीएस (परदेशात पैसे पाठवताना बँक कापते तो कर) कापला गेला नाही एवढंच काय ते समाधान. त्या शाळेची बाई फोनवर सांगत होती की ३० टक्के फी टॅक्समध्ये दाखवता येते. येते ना, पण एका मुलामागे वर्षाला जास्तीत जास्त ५००० युरो, आणि तेही उत्पन्नातून वजा होतात, हातात परत मिळत नाहीत. हे कागदावर मांडल्यावर दोघंही गप्प बसलो आणि जुलैत नावं काढून घेतली. पैसे परत नाहीत, म्हणे प्रशासकीय खर्च. अहो दोन पीडीएफ पाठवल्यात फक्त!

सरकारीत निवडायची भानगडच नाही, घराचा पत्ता ज्या ग्रुंडशूलच्या, म्हणजे प्राथमिक शाळेच्या हद्दीत ती तुमची शाळा. फी शून्य, पुस्तकं शाळेची, वर किंडरगेल्ड, म्हणजे मुलांसाठीचा सरकारी भत्ता येतो, जानेवारीपासून मुलामागे महिना २५९ युरो. म्हणजे भरायचं सोडा, सरकारच देतंय. बाबांना अजून हे पटलेलं नाही.

पण आमच्यासारख्या घरांनी एक गोष्ट आधीच पक्की करा. मुलांचा पासपोर्ट जर्मन, आडनाव जर्मन, त्यामुळे पोरीला लिहिता येत नसेल हे ऑफिसात कुणाच्या डोक्यातच आलं नाही. नवीन आलेल्या, जर्मन न येणाऱ्या मुलांसाठी डॉइचक्लासे म्हणून वेगळा वर्ग असतो, तो आम्हाला कुणी सुचवलाच नाही आणि आम्हीही विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी टीचरने वही दाखवली, पोरगी कानाला येईल तसं इंग्लिश स्पेलिंग लावत होती, 'वासर'ला व्ही (हवा डब्ल्यू) आणि 'फोगेल'ला एफ (हवा व्ही). आता आठवड्यातून चार तास जास्तीचं जर्मन मिळतं, पण ते ऑक्टोबर संपता संपता सुरू झालं. फॉर्मवर मातृभाषेच्या रकान्यात मराठी लिहा, नवऱ्याचं ऐकू नका.

आता वह्या. यावर मी जरा जास्तच लिहिणारे, सॉरी. जर्मनला लाल कव्हर, गणिताला निळं, बाकीच्यांना आणखी वेगळं, सगळी प्लास्टिकची, आणि रेघासुद्धा इयत्तेप्रमाणे, पहिलीला एक नंबर, तिसरीला तीन नंबर. मी अप्पा बळवंत चौकातून खाकी कव्हरचे दोन रोल आणलेले. रात्री बसून सगळ्या वह्यांना घातली, कोपरे दुमडून, लेबलं लावून. दुसऱ्या दिवशी सगळ्या वह्या परत आणि सोबत चिठ्ठी. मग पाऊस अंगावर घेत दुकानं पालथी घातली, सप्टेंबरात निळी कव्हरं संपलेली असतात हे ज्ञान झालं. ५३ युरो गेले. शून्य फीच्या शाळेत ५३ युरो, मला अजून सहन होत नाही.

शाई मात्र मस्त निघाली. तिसरीत शाईपेनने लिहितात! बाबांना व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर तेवढ्यापुरती शाळा त्यांना आवडली. आणि एक गंमत, जर्मनमध्ये एकवीसला आधी एक, मग वीस म्हणतात, एकच शब्द. इंग्लिशवाल्या मुलांची इथे बोंब होते, आमचा पहिलीतला मात्र आजीकडे एकवीस बावीस घोकलेला, त्याला काही वाटलंच नाही. घड्याळात मात्र फसतो, यांचं 'हाल्ब आख्ट' म्हणजे साडेसात, तो साडेआठ समजतो.

पहिलीची शाळा दोन दिवस ११:२० ला सुटते. सकाळचे अकरा वीस! नोकरी कशी करायची? मिटाग्सबेट्रॉयुंगला, म्हणजे शाळा सुटल्यावर मुलं सांभाळतात तिथे, जागा नोव्हेंबरात मिळाली, तोवर माझी सगळी रजा संपली. हा खर्च आहेच, जेवण धरून महिना दीडशेच्या आसपास. तरी इंटरनॅशनलच्या त्या वर्षाच्या चाळीस हजार युरोंपुढे काहीच नाही.

ख्रिसमसपर्यंत मी पाच स्टार दिले असते. आता साडेतीन, कारण पुढच्या वर्षी चौथी. बायर्नमध्ये (म्युनिकचं राज्य, आपण बव्हेरिया म्हणतो ते) जर्मन, गणित आणि परिसर अभ्यासासारखा तिसरा विषय, या तिघांची सरासरी २.३३ किंवा त्याहून चांगली आली तर थेट गिम्नाझियम (युनिव्हर्सिटीकडे नेणारी पुढची शाळा), आणि इथे १ सगळ्यात चांगला असतो. दहा वर्षांच्या पोरीचा फैसला आणि त्यात जर्मन एक तृतीयांश. नवरा म्हणतो नंतरही बदलता येतं. येत असेल, पण मी रोज रात्री शुद्धलेखन घेते.

प्रवेश फी परत मागणारा पाचवा मेल त्या इंटरनॅशनल शाळेला काल टाकला. आणि मेमध्ये आई येतेय, तिने फोनवर विचारलं, खाकी कव्हरं किती आणू.