पहिली फिल्म: एकहाती की जोडीनं?

पटकथा लिहून झाली आहे. दीड-दोन लाख साठवलेत, मित्राचा डीएसएलआर कॅमेरा मिळणार आहे. आता लेखन, दिग्दर्शन, कॅमेरा, संकलन सगळं आपणच करायचं की माणसं जोडायची, एवढंच अडलंय. हे विचारायला येणाऱ्या बहुतेकांनी मनातून ठरवूनच टाकलेलं असतं: पैसे नाहीत, म्हणजे एकहाती. मी म्हणते, पैशांच्या आधी दिवस मोजा.

एकहाती कामाचं आपल्याकडचं सगळ्यात भक्कम उदाहरण आसाममधलं आहे. रीमा दास यांनी ‘व्हिलेज रॉकस्टार्स’ (२०१७) लिहिला, दिग्दर्शित केला, कॅमेरा स्वतः धरला, संकलन आणि निर्मितीही त्यांचीच. परिसर त्यांच्या स्वतःच्या गावचा, छायगावचा. कलाकार म्हणजे तिथलीच मुलं. चित्रीकरण काही वर्षं तुकड्यातुकड्यांनी चाललं. पुराची, पावसाची, हिरव्या शेताची दृश्यं हवीत तर त्या त्या ऋतूची वाट बघायची. पंचवीस जणांचं युनिट गेस्टहाउसवर ठेवून असं थांबता येत नाही. या सिनेमाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, संकलनाचाही रीमा दास यांनाच मिळाला. पण या सिनेमाचं लोकेशन साउंड, म्हणजे शूटच्या जागीच आवाज टिपण्याचं काम, त्यांच्या नात्यातल्या बहिणीनं, मल्लिका दास यांनी सांभाळलं आणि त्या कामालाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ‘सगळं एकटीनं केलं’ असं सर्रास म्हटलं जातं, तेव्हा हे नाव गळतं. म्हणून मी ते आवर्जून सांगते.

थोडक्यात, तुमच्याकडे वेळ भरपूर, लोकेशन घरचं आणि कलाकार हाकेच्या अंतरावरचे असतील, तर एकहाती काम खरंच जमतं. नाटकवाल्या कलाकारांच्या तारखा घेऊन आठ दिवसांत उरकायचं असेल, तर ते महागात पडतं.

मी स्वतः एक लघुपट दिग्दर्शन आणि कॅमेरा दोन्ही सांभाळून केला. स्वयंपाकघरातला प्रसंग होता. आई भाकरी थापतेय, मुलगा येऊन सांगतो की नोकरी सोडली. आमच्या अभिनेत्रीचा हात परातीत क्षणभर थांबला आणि पुन्हा थापायला लागला. मी तेव्हा फोकस बघत होते. तो जरासा सुटला म्हणून मी ‘कट’ म्हणाले. पुढच्या सहा टेकमध्ये तो हात पुन्हा तसा थांबला नाही. दिग्दर्शकानं माणसाकडे बघायचं असतं, मी लेन्सकडे बघत बसले. त्याच प्रसंगात मागे फ्रिजची घरघर आली, ती संकलनाच्या वेळी कळली, कारण हेडफोन कुणाच्याच कानाला नव्हता. साउंडवाला असता तर त्यानं आधी फ्रिज बंद करायला लावला असता आणि प्रसंग संपल्यावर मिनिटभर सगळ्यांना गप्प बसवून रिकाम्या खोलीचा आवाजही घेऊन ठेवला असता.

आता जोडीचं बघा. मराठीत याची परंपरा चांगलीच आहे. सुमित्रा भावे समाजकार्याच्या क्षेत्रातून आलेल्या, सुनील सुकथनकर पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून शिकलेले. ‘बाई’ (१९८५) पासून ‘कासव’ (२०१६) पर्यंत आणि त्यापुढेही दोघांनी मिळून काम केलं. पटकथा प्रामुख्यानं सुमित्राताईंची, गाणी सुनील यांची, दिग्दर्शन दोघांचं. उमेश आणि गिरीश कुलकर्णींची वाटणी वेगळी: ‘वळू’, ‘विहीर’, ‘देऊळ’मध्ये दिग्दर्शन उमेश यांचं, लेखनात आणि पडद्यावर गिरीश. ‘देऊळ’साठी गिरीश यांना अभिनय आणि संवाद असे दोन राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. म्हणजे एका माणसानं दोन कामं करण्यात काहीच वावगं नाही. कुठली दोन, ते महत्त्वाचं.

यातल्या ‘देऊळ’चे छायाचित्रकार सुधाकर रेड्डी यक्कंटी यांनी पुढे ‘नाळ’ (२०१८) केला. कथा, दिग्दर्शन, कॅमेरा तिन्ही त्यांचं, पण संवाद नागराज मंजुळेंकडे दिले. मुळात आंध्रचा माणूस, गावाकडची मराठी मुलाच्या तोंडी घालायची, तर ज्याच्या जिभेवर ती आहे त्याला द्यावी. कुठलं काम सोडायचं, हे असं ओळखावं.

माझ्या मते लेखन आणि दिग्दर्शन एकाकडे असलं तरी चालतं. निर्मिती आणि अभिनय एकाकडे असला तरी चालतो. चैतन्य ताम्हाणेंच्या ‘कोर्ट’ सिनेमात विवेक गोंबर निर्माते होते आणि बचाव पक्षाचे वकीलही. साउंड मात्र दिग्दर्शकानं कधीच घेऊ नये. संकलनाचा मोह सगळ्यांनाच होतो. ताम्हाणेंनी ‘द डिसायपल’ स्वतः संकलित केला, पण तो त्यांचा दुसरा सिनेमा. पहिल्याचं, ‘कोर्ट’चं, संकलन रिखव देसाईंचं होतं. पहिल्या फिल्मला निदान रफ कट, म्हणजे पहिली कच्ची जुळणी, तरी दुसऱ्याला लावू द्या. तो शॉट मिळवायला तुम्ही पहाटे चारला उठला होतात हे त्याला माहीत नसतं, म्हणून तो शॉट त्याला बिनदिक्कत काढता येतो.

जोडीतला धोकाही सांगायला हवा. भांडण सेटवर होत नाही, फिल्म महोत्सवात निवडली गेली की होतं. आपल्या कॉपीराइट कायद्यानुसार सिनेमाचा कर्ता निर्माता असतो. मित्रानं पैसे घातले आणि कागदावर तोच निर्माता झाला, तर वेगळं काही लिहून ठेवलेलं नसताना मालकी त्याची. म्हणून श्रेयनामावली, मालकी आणि शेवटचा शब्द कुणाचा, हे तिन्ही शूटच्या आधी कागदावर घ्या, सख्खा मित्र असला तरी.

तरीही ठरत नसेल तर पटकथेतला तीन मिनिटांचा एक प्रसंग निवडा. एका रविवारी तो एकटीनं किंवा एकट्यानं शूट करा. पुढच्या रविवारी तोच प्रसंग, तेच कलाकार. कॅमेऱ्याला एक माणूस, साउंडला एक. मग दोन्ही संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइमलाइनवर एकाखाली एक लावा, आणि पहिल्यांदा डोळे मिटून नुसते ऐका.