हुम्बोल्ट फेलोशिप की प्राध्यापकांच्या प्रकल्पातली नोकरी?

पीएचडी संपत आली आणि जर्मनीत पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं काही काळाचं संशोधन, करायचा आहे, तर मुख्य रस्ते दोन.

हुम्बोल्ट फेलोशिप ही जर्मनीतल्या अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट फाउंडेशनची संशोधनवृत्ती. तिला पीएचडीनंतर ४ वर्षांच्या आत अर्ज करायचा, मुदत ६ ते २४ महिने. प्रकल्प तुम्ही आखता, पण यजमान प्राध्यापकांची लेखी संमती लागते. निकालाला काही महिने जातात. म्हणून प्रबंध सादर करण्याच्या वर्षभर आधीच पत्रव्यवहार सुरू करा. हे आपल्याकडे फार कमी मार्गदर्शक सांगतात.

प्रकल्पातली जागा मुलाखतीनंतर बहुधा लवकर ठरते. विषय मात्र प्राध्यापकांचा. करारावरची नोकरी असल्याने आरोग्य विमा आणि पेन्शनची वर्गणी पगारातूनच कापली जाते. फेलोशिपमध्ये विमा स्वतः काढावा लागतो. कुटुंब सोबत नेणाऱ्यांनी हे आधीच विचारून घ्यावं.

पुढे स्वतःचा संशोधनगट उभारायचा असेल तर मी फेलोशिपच सुचवेन, कारण विषय तुमच्या नावावर राहतो. नवं तंत्र शिकायचं असेल किंवा घरी पगाराची निकड असेल, तर नोकरी.

कुठेही जा, सगळ्यांना एकच ईमेल पाठवू नका. त्या गटाचा ताजा शोधनिबंध वाचा आणि त्यातलं नेमकं काय तुम्ही पुढे न्याल, ते चार ओळींत लिहा.