टर्बो हॅचबॅकला अडीच इंची कॅट-बॅक एक्झॉस्ट: काही महिन्यांच्या वापरानंतर

आधी गाडीबद्दल. १.६ लिटर, चार सिलिंडर, टर्बो पेट्रोल, मॅन्युअल गिअरबॉक्स. ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाला, हात लावलेला नाही. डाउनपाइप (टर्बोला जोडलेला पहिला पाइप) आणि त्यातला, धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर कंपनीचाच, जागच्या जागी. बदललंय ते कन्व्हर्टरच्या मागचं सगळं, यालाच कॅट-बॅक म्हणतात: ६३.५ मिमी, म्हणजे अडीच इंची पाइप, ३०४ ग्रेडचं स्टेनलेस स्टील, मधे एक रेझोनेटर (आवाज कापणारा छोटा डबा) आणि मागे आरपार जाळीच्या नळीचा सायलेन्सर.

निकाल इथेच सांगून टाकतो. आवाज, वजन आणि टिकाऊपणा यांसाठी घेत असाल तर कॅट-बॅक चांगलं. फक्त ताकद वाढावी म्हणून घेणार असाल तर थांबा, कारण छोट्या टर्बो गाडीत खरी अडचण कॅट-बॅकमध्ये नसते, ती त्याच्या आधीच असते.

टर्बोतलं टर्बाइन, म्हणजे एक्झॉस्टच्या वायूवर चालणारं चाक, फिरतं ते त्याच्या पुढच्या आणि मागच्या दाबातल्या फरकावर. मागचा दाब जितका कमी, तितकं टर्बाइनचं काम सोपं. 'इंजिनाला थोडं बॅक प्रेशर लागतंच' हे वाक्य अजून फिरतं, पण टर्बाइनच्या मागे पाइप जितका मोकळा तितका चांगला. नॅचरली अ‍ॅस्पिरेटेड (म्हणजे बिनटर्बोच्या) इंजिनात हेडरची, म्हणजे सिलिंडरमधून निघणाऱ्या पाइपांची, लांबी-रुंदी जुळवून एक्झॉस्टच्या लाटांचा फायदा घेतात. त्याचंच अर्धवट रूप म्हणजे हा समज. प्रश्न एवढाच की सगळ्यात मोठा अडथळा टर्बोच्या तोंडाशी आणि कन्व्हर्टरच्या बारीक जाळीत असतो. कॅट-बॅक त्याला हातच लावत नाही.

शिवाय आजचे ईसीयू टॉर्कचं लक्ष्य ठरवून चालतात. मागे पाइप मोकळा झाला की तेवढाच टॉर्क कमी बूस्टमध्ये (टर्बोने वाढवलेल्या हवेच्या दाबात) मिळतो, ईसीयू वेस्टगेट (टर्बाइनला वळसा देऊन वायू सोडणारी झडप) थोडा जास्त उघडतो, आणि आकडा होता तिथेच राहतो. व्यवहारात जाणवतं ते एवढंच: बूस्ट किंचित आधी उभा राहतो आणि ५५०० आरपीएमच्या वर इंजिन पूर्वीइतकं गुदमरत नाही. डायनोवर (ताकद मोजायच्या यंत्रावर) पाच-सात अश्वशक्ती दिसल्या तरी हुरळून जाऊ नये. बॉनेट तापलेलं असताना आणि थंड असताना घेतलेल्या दोन रनमध्येही तेवढा फरक सहज पडतो.

व्यासाचा हिशेब. पाइपची जाडी १.५ मिमी धरली तर सव्वादोन इंची पाइपचं आतलं क्षेत्रफळ साधारण २३०० चौ. मिमी, अडीच इंचीचं २८७५ आणि तीन इंचीचं ४२१०. म्हणजे अडीचवरून तीनवर गेलं की जागा ४६ टक्क्यांनी वाढते. अडीचशे अश्वशक्तीच्या आतल्या गाडीला अडीच इंची पुरून उरतो. तीन इंची घ्यायचा तो मोठा टर्बो आणि ट्यून (ईसीयूची नवी सेटिंग) खरोखर ठरलेलं असेल तरच. नाहीतर पदरात पडतो तो जास्तीचा आवाज, वाढलेलं वजन आणि मागच्या सस्पेन्शनजवळची चेपाचेपी. व्यासाइतकीच वळणंही बघावीत. मँड्रेल बेंडमध्ये वळणावर पाइप गोलच राहतो. साध्या दाबून केलेल्या बेंडमध्ये आतली बाजू चेपते, आणि कागदावरचा अडीच इंच वळणात दोनच उरतो.

आता घुमण्याबद्दल, कारण काही महिन्यांनी रोज सोबत राहते ती हीच गोष्ट. पहिल्या आठवड्यात कान स्टार्टचा गडगडाट आणि गिअर बदलतानाचा फटका ऐकतात. नंतर फक्त सहाव्या गिअरमधले २३०० ते २७०० आरपीएम उरतात.

चार सिलिंडर इंजिनात स्फोटांची वारंवारता म्हणजे आरपीएम भागिले ३०. २४०० ला ८० हर्ट्झ. नेमक्या याच भागात छोट्या हॅचबॅकची केबिन घुमते, मागचा दरवाजा आणि छत साथ देतात. हलक्या चढावर, अर्धवट अ‍ॅक्सिलरेटरवर हे सगळ्यात जास्त जाणवतं. मागचा पार्सल ट्रे काढला की आणखी वाढतं. आरपार रेझोनेटर वरच्या पट्टीतली खरखर आणि पत्र्यासारखा आवाज कापतो, पण ८० हर्ट्झचं त्याला फारसं काही करता येत नाही. त्यासाठी एकतर मोठ्या पोटाचा सायलेन्सर लागतो, नाहीतर मुख्य पाइपला जोडलेली, दुसऱ्या टोकाला बंद असलेली नळी. हिला जे-पाइप म्हणतात.

जे-पाइपची लांबी म्हणजे आवाजाचा वेग भागिले वारंवारतेची चौपट. बंद नळीतला वायू २०० अंश सेल्सिअसच्या आसपास धरला तर त्यात आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ४३५ मीटर, आणि ८० हर्ट्झसाठी लांबी येते सुमारे १.३५ मीटर. तापमानाचा अंदाज चुकला की लांबीही चुकते, म्हणून बंद टोक आधी क्लॅम्पवर ठेवावं, गाडी चालवून लांबी कमी-जास्त करावी आणि मगच वेल्ड करावं. ही नळी फक्त दोन-तीनशे आरपीएमच्या पट्ट्यात काम करते, तेव्हा आपण रोज कोणत्या आरपीएमवर चालतो ते आधी टॅकोमीटरवर बघून ठेवावं. तीन सिलिंडरवाल्यांना भागाकार ४० ने करायचा आहे: २४०० ला ६० हर्ट्झ, नळी १.८ मीटर. एवढी जागा छोट्या गाडीखाली मिळत नाही, तिथे मोठा सायलेन्सरच बरा.

या सेटअपमध्ये जे-पाइप नाही, त्यामुळे २५०० ला घुमतं. पण रेझोनेटर वरची खरखर कापत असल्यामुळे बोलणं थांबवावं लागत नाही. रेझोनेटर नसलेला पर्याय वजनाने थोडा हलका असतो. रोजच्या गाडीला तो घेऊ नये. वाचलेल्या दोन किलोंची किंमत प्रत्येक लांब प्रवासात मोजावी लागते.

घुमणं आणि कुठेतरी पाइप टेकणं यांत गल्लत होते. घुमणं लोडवर अवलंबून असतं: त्याच आरपीएमवर क्लच दाबून अ‍ॅक्सिलरेटर सांभाळला की ते जवळजवळ विरतं. पाइप बॉडीला टेकत असेल तर आयडलवर, विशेषतः एसी चालू असताना, सीटमध्ये किंवा पेडलवर बारीक थरथर येते. ते सायलेन्सरच्या माथी मारू नका. पाइप टांगणारे हँगर बघा.

मटेरियल. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं, ४०९ ग्रेडच्या स्टीलमध्ये क्रोमियम ११ टक्क्यांच्या आसपास. ४०९ वर वरवरचा तांबूस गंज लवकर येतो, पण तो वर्षानुवर्षं आरपार जात नाही, म्हणून कंपन्या तेच वापरतात. '३०४' म्हणून विकलेलं खरं आहे का ते पाहायला चुंबक पुरतो: सरळ पाइपला घट्ट चिकटला तर ते ३०४ नाही. वळणावर आणि वेल्डजवळ थोडी ओढ जाणवली तर ते चालतं. टायटॅनियम जवळपास निम्म्या वजनाचं. आवाज मात्र जास्त पत्र्यासारखा, आणि दुरुस्तीला हात लावणारा वेल्डर शोधावा लागतो.

बसवणं. जुने नट आदल्या रात्री पेनिट्रेटिंग ऑइलने भिजवून ठेवा. गंजलेल्या स्टडवर जोर केला की तो फ्लँजमध्येच (पाइप जोडायच्या चकतीत) तुटतो आणि अर्ध्या तासाचं काम दिवसभर चालतं. हँगरचे रबर काढताना साबणाचं पाणी किंवा सिलिकॉन स्प्रे वापरा. पेट्रोलियमचं तेल लावलं तर ईपीडीएम रबर फुगतं आणि मऊ पडतं. कंपनीचा एक्झॉस्ट बऱ्याचदा एकसंध असून मागच्या अ‍ॅक्सलवरून जातो, त्यामुळे तो कापल्याशिवाय निघत नाही. नंतर स्लीव्हने पुन्हा जोडता येईल अशा सरळ भागातच कापा.

नवीन पाइप पुढून मागे असे सगळे सैल जोडायचे, स्लिप जॉइंटमध्ये (जिथे एक पाइप दुसऱ्यात सरकतो) किमान ४० मिमी आत, टिप (पाइपचं मागचं दिसणारं तोंड) बंपरच्या मध्यावर आणायची, आणि मगच पुढून मागे घट्ट करत जायचं. फ्लँजला नवीन गॅस्केट. जुनं एकदा चेपलेलं असतं, परत लावू नका. थ्रेडवर कॉपर ग्रीस. एम८ नटना साधारण २२ ते २५ न्यूटन-मीटर पुरतात.

इथे बहुतेक जण विसरतात ते म्हणजे तापल्यावर लांबणं. ३०४ चा अडीच मीटर पाइप ३०० अंशांनी तापला की १२-१३ मिमी लांबतो. गाडी थंड असताना टिप बंपरशी अगदी जुळवून बसवली तर गरम झाल्यावर ती बाहेर डोकावते आणि हँगर मागे ताणले जातात. म्हणून थंड असताना हँगर किंचित पुढे झुकलेले हवेत. ड्राइव्हशाफ्ट, ब्रेक पाइप, हीट शील्ड यांच्यापासून १५ ते २० मिमी अंतर ठेवा, प्लास्टिकच्या बंपरपासून २५. फ्लेक्स पाइप (विणलेल्या जाळीचा लवचीक तुकडा) पीळ न देता सरळ बसला पाहिजे, नाहीतर त्याची वीण महिन्यांत उसवते.

पहिल्यांदा इंजिन सुरू करण्याआधी पूर्ण पाइप अल्कोहोलने पुसून घ्या. बोटांचे ठसे स्टीलवर तापून कायमचे उमटतात. पहिली वीसेक मिनिटं थोडा धूर आणि जळका वास येतो, ते आतलं तेल. शे-दीडशे किलोमीटरनंतर सगळे क्लॅम्प परत आवळा. या गाडीत मधला क्लॅम्प चक्क पाऊण फेरा फिरला.

काही महिन्यांत काय बदललं? आवाज थोडा वाढला आणि जाड झाला. सायलेन्सरमधलं फायबर ग्लासचं पॅकिंग गरम वायूने बसतं, विरळ होतं. जाळीच्या नळीभोवती आधी स्टील वूल आणि मग फायबर असेल तर हे हळू होतं. घेताना विचारून घ्यायची गोष्ट हीच. टिपा आतून काळ्याकुट्ट होतात. डायरेक्ट इंजेक्शन इंजिनात काजळी जास्त असते, दोष पाइपचा नाही. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं. रोज चार-पाच किलोमीटरच गाडी चालत असेल तर ते सायलेन्सरमध्ये साचतं. तळाला ते पाणी निघायचं बारीक छिद्र असेल तर वेल्डर 'गळतंय' म्हणून बुजवायला निघेल, तुम्ही बुजवू देऊ नका.

गळती शोधायची तर थंड स्टार्टला. जॉइंटवर टिक-टिक, कडेला काळा पट्टा, साबणाच्या पाण्याला बुडबुडे. थंड गाडीत टेलपाइपला जाड कापड धरलं की ते लवकर कळतं. ऑक्सिजन सेन्सरच्या आधी, इंजिनाच्या बाजूला, गळती असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाऊन मिश्रण चुकीचं वाचलं जातं. या कॅट-बॅकचे सगळे जॉइंट दोन्ही सेन्सरच्या मागे आहेत, म्हणून हा त्रास नाही. सेन्सरच्या आधीच्या जोडावर मात्र साधं सिलिकॉन सीलंट कधीच लावू नये, त्याच्या वाफेने सेन्सर खराब होतो.

कन्व्हर्टर किंवा पार्टिक्युलेट फिल्टर काढून टाकणारे भेटतील. पी ०४२० चा (कन्व्हर्टर नीट काम करत नसल्याच्या कोडचा) दिवा लागतो, वास येतो, आणि बहुतेक देशांत ते बेकायदा आहे. टर्बो आणि कन्व्हर्टर मिळून आवाज बराच दाबतात, तो आधार गेला की हेच कॅट-बॅक सहन होणार नाही.

आवाजाची मर्यादा प्रत्येक ठिकाणी वेगळी, पण उभ्या गाडीची मोजणी साधारण टेलपाइपपासून ५० सेंमीवर, ४५ अंशांच्या कोनात मायक्रोफोन ठेवून होते. मंजुरीचा शिक्का सायलेन्सरवर कोरलेला असेल तरच तपासणीत वाद टळतो. स्टिकर तापाने उडतो. कंपनीचा जुना एक्झॉस्ट भंगारात देऊ नका: आतलं पाणी उतरवून, दोन्ही तोंडं कापडाने बंद करून, क्लॅम्प आणि हँगरसकट ठेवा. विकताना किंवा तपासणीला तो लागतोच, आणि कापलेल्या टोकाची स्लीव्ह त्याच पिशवीत असली म्हणजे शोधाशोध होत नाही.