ट्रायॉप्सचा किट: अंडी चांगली, माहितीपत्रक सोलापूरच्या कामाचे नाही

ट्रायॉप्स म्हणजे गोड्या पाण्यात राहणारा, पाठीवर ढालीसारखे कवच असलेला कोळंबीच्या कुळातला छोटा जीव; तो घरी वाढवायचा किट ऑनलाइन मिळतो. त्याच्या खोक्यात साधारण एवढेच असते: वाळूत मिसळलेल्या अंड्यांची पुडी, खाद्याच्या दोन पुड्या, लिटर-दीड लिटरचे प्लास्टिकचे भांडे, भिंग आणि माहितीपत्रक. यातल्या अंड्यांनी पैसे वसूल होतात. बाकीचा संच थंड हवेच्या देशासाठी बेतलेला आहे. सोलापुरात पत्रकाबरहुकूम वागलात, तर पिल्ले पहिल्या आठवड्यातच दगावण्याची शक्यता जास्त.

सगळा खेळ पाण्याचा आहे. कोरडी अंडी वर्षानुवर्षे तशीच राहतात आणि क्षार जवळपास नसलेले, पावसासारखे पाणी लागले की फुटतात. आपल्याकडे उजनीचे पाणी काही दिवसांआड येते आणि घरोघरी टाकीत साठते. साठवणीत क्लोरीन बराचसा उडतो, क्षार मात्र जागेवर राहतात. बोअरचे पाणी तर त्याहून जड. म्हणून अंडी फोडायला थेट आभाळातून स्वच्छ बादलीत धरलेले पावसाचे पाणी किंवा डिस्टिल्ड वॉटर घ्या. बॅटरीच्या दुकानातून आणत असाल, तर ते निव्वळ पाणी आहे, ॲसिड नाही, हे पाहून घ्या. तांब्याच्या हंड्यात ठेवलेले पाणी चुकूनही नको. तांब्याचा थोडा अंशही या जिवांना विषासारखा लागतो. पत्रकात याचा उल्लेख नसेल, तरी आपल्या घरांत हा धोका खरा आहे.

पुडी एकदम रिकामी करू नका. निम्मी अंडी कोरडी राखून ठेवा, म्हणजे पहिला घाणा बिघडला तरी दुसरी संधी उरते. पाणी २२ ते २६ अंश, खोली तीन-चार सेंटिमीटर, वर टेबल लॅम्प चालू. उजेडाशिवाय अंडी नीट फुटत नाहीत. एक ते तीन दिवसांत पांढरे ठिपके झटके देत फिरताना दिसतात.

सर्वाधिक पिल्ले मरतात ती खाद्याने. तिसऱ्या दिवसापर्यंत काहीच घालू नका. मग स्पिरुलिना या वाळवलेल्या शेवाळाची पूड, आगकाडीच्या टोकावर मावेल इतकीच. पाणी दुधाळ झाले, तर समजा खाद्य कुजते आहे, जीवाणू वाढलेत आणि प्राणवायू संपत चाललाय. मोठे ट्रायॉप्स पृष्ठभागाशी उताणे पोहत राहिले तर तीच खूण. लगेच पाव भाग पाणी बदला, पण नवे पाणी त्याच तापमानाचे हवे. चौथ्या-पाचव्या दिवसापासून साठवणीचे, क्लोरीन उडालेले पाणी रोज थोडे थोडे मिसळत जा. कात टाकून नवे कवच धरायला आता क्षार लागतात.

किटमधले भांडे दहा दिवसांतच अपुरे पडते. एका प्रौढाला निदान दोन लिटर पाणी हवे, कारण गर्दी झाली की हे जीव एकमेकांना खातात. नुकतीच कात टाकलेला, मऊ कवचाचा सापडला तर नक्कीच. दहा लिटरची टाकी, तळाला दोन सेंटिमीटर बारीक धुतलेली वाळू आणि छोट्या एअरपंपावर चालणारा स्पंज फिल्टर घ्या. हे सगळे शहरातल्या मत्स्यालयाच्या दुकानांत मिळते. मोटरचा फिल्टर पिल्ले ओढून घेतो, तो टाळा.

ऋतूचे काय? एप्रिल-मेमध्ये सुरू करूच नका. पारा चाळिशीपार असताना घरातले पाणीही तिशी ओलांडते. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी राहतो आणि आयुष्य आखडते. जुलै ते फेब्रुवारी हा काळ बरा. मधेच उकाडा वाढला, तर टाकीभोवती ओला सोलापुरी टॉवेल गुंडाळून पंखा लावा. हवा कोरडी असेल तेव्हा पाणी दोन-तीन अंश तरी उतरते.

खोक्यावर मोठी चित्रे असतात, पण आयुष्य दीड ते तीन महिन्यांचेच असते, हे मुलांना आधी सांगा. पाचपैकी तीन तारे. एक पत्रकामुळे गेला, एक भांड्यामुळे.

शेवटी वाळू फेकू नका, तिच्यात अंडी असतात. पाणी उपसून ती सावलीत खडखडीत वाळवा, तीन-चार आठवडे तशीच ठेवा आणि पुन्हा डिस्टिल्ड पाणी घाला. उरलेले जीव किंवा ही वाळू सिद्धेश्वर तलावात वा हिप्परग्याला सोडू नका. किटमधली जात बहुधा अमेरिकेतली, म्हणजे इथल्या पाण्याला परकी असते.