कुंभाराच्या घरी इटलीची फुलदाणी

"काऊन बे, मडक्याच्या घरात मडकं इकत आणते का कोनी?"

पार्सल उघडल्यावर बाबांचा पहिला शेरा. आम्ही भद्रावतीकडचे कुंभार. बाबांचं चाक अजून फिरतं, मी तालुक्याला नोकरी करतो. अशा घरात ६,४०० रुपयांची जुनी फुलदाणी मागवायची म्हणजे बोलणी खायची तयारी ठेवूनच.

वस्तू बिटोस्सी या इटलीतल्या मातीकामाच्या कारखान्याची, 'रिमिनी ब्लू' प्रकारातली. वीतभर उंच आणि वर चार बोटं. फोटोत निळा एकच दिसतो, हातात घेतल्यावर तसं नाही. अंगावर दाबलेल्या ठशांच्या खोलगटात रंग साचून गर्द झालाय, उंचवट्यावर तो हिरव्याकडे झुकतो. नाव रिमिनी या इटलीतल्या शहराचं असलं तरी माल तिथला नव्हे. फ्लॉरेन्सजवळ आर्नो नदीकाठी मोंतेलूपो फियोरेंतिनो म्हणून गाव आहे, शेकडो वर्षांपासून मातीकामाचं. तिथे गुइदो बिटोस्सीने १९२१ मध्ये हा कारखाना काढला. आल्दो लोंदी हा त्यांचा कलादिग्दर्शक. दुसऱ्या महायुद्धात तो दक्षिण आफ्रिकेत युद्धकैदी होता, परत येऊन १९४६ पासून इथे कामाला लागला. ही निळी मालिका त्याची, १९५० च्या दशकातली.

बाबांनी मात्र नाव-गाव काही विचारलं नाही. फुलदाणी मांडीवर घेतली आणि ठशांच्या ओळीवरून अंगठा फिरवत गेले. एका जागी थांबले. पट्टा गोल फिरून जिथे मिटतो, तिथे शेवटच्या ठशाला जागा उरली नव्हती, तो अर्धाच बसलाय. "हातानं मारला हाय," म्हणाले. "माती निमसुकी पाहिजे याले. ओली असती तं ठसा पसरला असता, वाळली असती तं तडकली असती." माझे निम्मे पैसे तिथेच वसूल झाले.

आता तक्रार. मुंबईच्या ज्या विक्रेत्याकडून घेतली त्याने काठाचे चार फोटो पाठवले, तळाचा एकही नाही. बुडाशी करंगळीच्या नखाएवढा टवका निघालेला. वर पॅकिंग म्हणजे जुनी वर्तमानपत्रं. तीन दिवस फोनवर वाद घातला तेव्हा ५०० रुपये परत आले. तळाचा फोटो मागवून बघायलाच हवा होता. या मालावर बहुतेक वेळा कारखान्याचं नाव नसतं, ब्रशने काढलेला नंबर आणि 'इटली' एवढंच. कागदी लेबल केव्हाच गळून गेलेलं असतं. आणि या निळ्याच्या नकला भरपूर.

पाणी घालून झेंडू ठेवले, तर सकाळी टेबलावर ओलं कडं. मी घाबरलो, बाबा हसले. हलक्या आचेची माती ती, वरच्या झिलईला वयामुळे बारीक भेगा गेल्या की पाझरणारच. आता आत ज्वारीची वाळली कणसं आहेत. झेंडूपेक्षा तीच शोभतात, हे आईचं मत आणि माझंही.

लोंदीने याच निळ्यात बैलही केलेत. पोळ्याला बाबा मातीचे बैल करतात, म्हणून मोबाईलवर फोटो दाखवला. त्यांनी बोटांनी मोठा करून निरखून पाहिला.

"सारं बराबर हाय. पन वशिंड कुठं हाय याचं?"