ग्वांगचौच्या बेकरीतील मूनकेक
चिनी पंचांगाच्या आठव्या महिन्यातील पौर्णिमेला येणाऱ्या मध्य-शरद उत्सवासाठी दक्षिण चीनमधील ग्वांगचौ शहरातील एका जुन्या बेकरीतून चार मूनकेकची, म्हणजे या सणाला खाल्ल्या जाणाऱ्या सारणभरल्या केकची, पेटी घेतली. साच्यातून उठलेली अक्षरे ठसठशीत होती आणि सुरी फिरवताच कमळबियांच्या गुळगुळीत सारणात बदकाच्या खारवलेल्या अंड्याचा केशरी बलक पूर्णचंद्रासारखा दिसला. एवढ्या गोडात हा खारटपणा हवाच! एका केकमधील बलक मात्र कोरडा निघाला, आणि पेटीचा थाटही आतल्या मालापेक्षा भारी वाटला. सोबतच्या पत्रकात चंद्रावर गेलेल्या छांग-अ देवीची कथा सविस्तर दिली आहे. परंतु चीनच्या सुंग राजवटीच्या काळात (दहावे ते तेरावे शतक) रुळलेल्या आणि २००८ पासून चीनमध्ये सार्वजनिक सुट्टी असलेल्या या सणाचा इतिहास दोन ओळींत उरकला आहे. केकच्या लहान फोडी करून बिनसाखरेच्या चहाबरोबर खाव्यात.